शिशाचे ठसे, उन्हाचे ठसे

चित्रकलेच्या दरबारात पानांच्या ठशांना मानाची जागा कधी मिळाली नाही. पानाच्या पाठीला रंग लावावा, रंगाची बाजू कागदावर टेकवावी, वर दुसरा कागद ठेवून तळहाताने दाबावे आणि देठाला धरून पान अलगद उचलावे. शीर न् शीर उमटलेली आकृती समोर हजर. इतके सोपे काम! म्हणूनच ते आपण बालवर्गाकडे सोपविले आहे. शाळेच्या प्रदर्शनात हे ठसे दाराजवळच्या फळ्यावर टाचण्यांनी लावलेले असतात आणि पाहुणेमंडळी त्यांच्यावरून नुसती नजर फिरवून आतल्या ‘खऱ्या’ चित्रांकडे वळतात.

या उपेक्षेमागे एक समजूत आहे. ठसा पानाने स्वतःच काढलेला असतो. त्यात माणसाचे ते काय कौशल्य? एकदा सहावीच्या वर्गात पिंपळपानांचे ठसे घेऊन झाल्यावर एका मुलीने मला विचारले, “सर, खाली माझे नाव घालू की पिंपळाचे?” वर्ग खो खो हसला. मी म्हटले, “दोघांचेही घाल.” तेवढ्यापुरते निभावले, पण त्या पोरीने नकळत कलासमीक्षेतल्या एका जुन्या दुखण्यावर बोट ठेवले होते. निसर्गाची हुबेहूब नक्कल म्हणजे कला नव्हे, हे आता बहुतेक रसिक मान्य करतात. परंतु जिथे नक्कल करणाराच कोणी नाही, निसर्ग स्वतःच कागदावर येऊन बसला आहे, तिथे काय म्हणावयाचे? तिथे कला आहे की नाही? आणि असलीच तर ती नेमकी कुठे आहे?

मी कादंबऱ्या लिहितो. म्हणजे पाहिलेल्या माणसांचे ठसे घेणे हा माझाही धंदाच म्हणावयाचा. तेव्हा हा प्रश्न मला केवळ चित्रकलेचा वाटत नाही. त्याचा विचार करण्यासाठी मी दोन पुस्तके समोर ठेवतो. दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात झाली, दोन्हींत वनस्पतींचे प्रत्यक्ष ठसे आहेत आणि तरी दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

तत्पूर्वी थोडा पूर्वेतिहास सांगितला पाहिजे, कारण हा उद्योग वाटतो तितका पोरकट नाही. लिओनार्दो द विंचीच्या टिपणांत पानाचा ठसा घेण्याची कृती लिहून ठेवलेली आहे. दिव्याची काजळी पातळ सरसात कालवून कागदाला फासावी, पानाला तेलात खललेले पांढरे शिसे पातळसे लावावे आणि छापखान्यात अक्षरे छापतात तसे ते छापावे, अशी ती कृती. तुपाच्या दिव्यावर काजळ धरण्याचे काम ज्या घरांतून पिढ्यान् पिढ्या होत आले, त्या आपल्या घरांना ती परकी वाटू नये. पुढे अठराव्या शतकात अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने वसाहतींच्या कागदी नोटा छापताना त्यांच्या पाठीवर खऱ्या पानाचा ठसा घातला. हेतू रोखठोक व्यवहाराचा होता. एका कारागिराने कोरलेली वेलबुट्टी दुसरा कारागीर कोरील. पण पानाच्या शिरांचे ते जाळे, त्यांचे ते जाड-बारीक होत जाणे, कोणत्या खोटे नाणे पाडणाऱ्याला साधणार? दोन पाने सारखी नसतात, या एका गोष्टीवर फ्रँकलिनने तिजोरीची राखण सोपविली! आपल्याकडे मद्रासेतही १८५७ साली फोर्ट सेंट जॉर्ज गॅझेट छापखान्याच्या हेन्री स्मिथने तिकडच्या वनस्पतींच्या ठशांचे पुस्तक काढले होते.

सारांश, ठशाची पहिली प्रतिष्ठा ही साक्षीदाराची आहे. हे पान होते, असेच होते, इथे टेकले होते, एवढी साक्ष तो देतो. ती कोणालाही नाकारता येत नाही. प्रश्न आहे तो साक्षीच्या पलीकडचा.

आता पहिले पुस्तक. ‘द फर्न्स ऑफ ग्रेट ब्रिटन अँड आयर्लंड’ हे त्याचे नाव. ते १८५५ साली लंडनमध्ये निघाले. मजकूर टॉमस मूर या वनस्पतिशास्त्रज्ञाचा, ठसे हेन्री ब्रॅडबरीचे. हा ब्रॅडबरी म्हणजे डिकन्सच्या कादंबऱ्या आणि ‘पंच’ हे साप्ताहिक छापणाऱ्या ‘ब्रॅडबरी अँड इव्हान्स’ या पेढीच्या एका मालकाचा मुलगा. छापखान्यातच वाढलेला, हुशार आणि महत्त्वाकांक्षी. तरुणपणी तो व्हिएन्नाच्या राजकीय मुद्रणालयात गेला आणि तिथे त्याने ही विद्या पाहिली. वाळलेली वनस्पती एका बाजूला पोलादाचा पत्रा आणि दुसऱ्या बाजूला मऊ शिशाचा पत्रा अशा दोहोंमध्ये ठेवायची आणि प्रचंड दाबाच्या रुळांतून काढायची. मऊ शिशात तिची छाप खोल रुतून बसते. शिशावरून थेट छपाई केली तर ते लवकर झिजेल. म्हणून विजेच्या साह्याने त्या छापेवर तांबे चढवून टिकाऊ पत्रा तयार करायचा. मग मुळाशी तपकिरी आणि पात्यावर हिरवी अशी शाई त्या एकाच पत्र्यात हाताने भरून एकाच दाबात छपाई करायची.

या नेच्याच्या छापा पाहिल्या म्हणजे प्रथम माणूस थक्क होतो. पात्याच्या पाठीवरचे बीजाणूंचे ठिपके दिसतात, देठावरची लव दिसते, मुळाचे तंतू दिसतात. कागदावर बोट फिरविले तर खरखर लागेल, असे वाटते. शास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून अधिक काय हवे? चित्रकार चुकतो, विसरतो, आपल्या आवडीचे ठळक करतो आणि नावडते झाकतो. शिसे विसरत नाही.

नेमके तेच मला या पुस्तकाचे वैगुण्य वाटते. शिसे काहीच विसरत नाही आणि म्हणून काही निवडतही नाही. एकामागून एक छापा पाहत जावे तसतसे आश्चर्य ओसरत जाते आणि त्याच्या जागी दुसरे काही येत नाही. नेचा आहे, उत्तम आहे, पुढे? त्याच्याभोवतीचा पांढरा कागद ही केवळ उरलेली जागा आहे. ती छापेशी बोलत नाही. पाहणाऱ्याने आपल्या मनाने पूर्ण करावे, असे त्यात काही शिल्लक ठेवलेले नाही. सगळेच सांगून टाकणाऱ्या कथेकऱ्यासारखे हे ठसे आहेत. त्याच्या माहितीबद्दल आदर वाटतो, पण त्याच्या कथेला दुसऱ्या दिवशी कोणी येत नाही.

या ठशांच्या मालकीवरून पुढे मोठे भांडण झाले, तेही उद्बोधक आहे. ब्रॅडबरीने १८५३ साली इंग्लंडात या पद्धतीचे पेटंट घेतले. व्हिएन्नाच्या मुद्रणालयाचा संचालक आलोइस आउअर भडकला. विद्या आमची, चोरली यांनी, असा त्याचा आरोप. आणि गंमत अशी की खुद्द आउअरच्या मुद्रणालयात तिला आकार देणारा हात आंद्रेआस वोरिंग नावाच्या त्याच्या एका हाताखालच्या माणसाचा होता. आउअरने पद्धतीला जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘निसर्गाचे स्वयंमुद्रण’ असा होतो. निसर्ग जर स्वतःच छापतो, तर पेटंट कोणाचे? पण छापणारा निसर्ग म्हणावयाचे आणि मालक मात्र आपण, असा हा मामला होता. १८६० साली, जेमतेम तिशी गाठलेली असताना, ब्रॅडबरीचा दुर्दैवी अंत झाला. त्याचे कौशल्य मोठे होते यात शंका नाही. परंतु ते सगळे कौशल्य दाब देण्याचे होते.

दुसरे पुस्तक याच्याही आधीचे. ते करणारी एक गृहस्थ घरातली बाई होती. तिच्यापाशी छापखाना नव्हता, पेढी नव्हती, पेटंटही नव्हते.

ॲना ॲटकिन्स ही १७९९ साली केंट परगण्यात टनब्रिज येथे जन्मली. आई लहानपणीच गेली. वडील जॉन जॉर्ज चिल्ड्रन हे शास्त्रज्ञ. ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला. त्यांनी मुलीला आपल्या कामात बरोबरीने घेतले. लामार्कच्या शंख-शिंपल्यांवरील ग्रंथाचे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले, तेव्हा त्यातली अडीचशेच्या वर चित्रे ॲनाने काढली. हे पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. हिला चित्र काढता येत नव्हते म्हणून ही ठशांकडे वळली, असे नव्हे. हिचा हात चांगला तयार होता.

१८४२ साली सर जॉन हर्शेल या ज्योतिर्विदाने लोहाच्या क्षारांनी कागदावर छाया पकडण्याची एक युक्ती शोधून काढली. हर्शेल हे या घराचे स्नेही. युक्ती अशी: दोन क्षारांचे पाणी एकत्र करून अंधाऱ्या खोलीत कागदाला फासायचे आणि वाळवायचे. त्यावर वस्तू ठेवून वर काच दाबायची आणि सगळे उन्हात मांडायचे. जिथे ऊन लागले तिथे क्षार कागदाला घट्ट धरून बसतात. जिथे वस्तूची सावली पडली तिथे ते सुटेच राहतात. मग साध्या पाण्यात कागद धुवायचा. सुटे क्षार वाहून जातात आणि गर्द निळ्या कागदावर वस्तूची शुभ्र सावली उरते. इंजिनियरांचे निळे नकाशे पुढे कित्येक वर्षे याच रीतीने निघत असत.

या रीतीने ॲनाने समुद्रशैवालांचे ठसे घ्यावयास सुरुवात केली. ऑक्टोबर १८४३ मध्ये ‘फोटोग्राफ्स ऑफ ब्रिटिश अल्जी’चा पहिला भाग तिने मित्रमंडळींना पाठविला. पुढे १८५३ पर्यंत, म्हणजे दहा वर्षे, ती भागामागून भाग करीत राहिली. एकंदर सुमारे चारशे ठसे आणि प्रत्येक प्रतीतला प्रत्येक ठसा स्वतंत्रपणे उन्हात धरलेला, स्वतंत्रपणे पाण्यात धुतलेला. इंग्लंडातले ऊन ते! आपल्या वैशाखासारखे ते हुकमी नसते. आज जगात या पुस्तकाच्या विसांहूनही कमी प्रती ठाऊक आहेत. छायाचित्रांनी सजलेले जगातले पहिले पुस्तक म्हणून त्याचा मान आहे. फॉक्स टॅलबटचे प्रसिद्ध पुस्तक त्यानंतर, १८४४ साली निघू लागले. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्यापाशी असलेली प्रत आता संगणकावर सर्वांना खुली केली आहे. मी पाहिले ते तिथेच.

पुस्तकामागचा हेतू शुद्ध शास्त्रीय. विल्यम हार्वे यांनी १८४१ साली ब्रिटिश शैवालांवर एक ग्रंथ लिहिला होता, पण त्यात चित्रे नव्हती. ती उणीव भरून काढावी, हा बाईंचा संकल्प. इतक्या सूक्ष्म वनस्पतींचे अचूक रेखाटन करणे कठीण म्हणून आपण या रीतीचा आश्रय घेतला, असे तिने प्रारंभी सांगितलेही आहे. आता यातला विरोधाभास पाहा. हार्वे हे शैवालांची विभागणी रंगांवरून करणारे शास्त्रज्ञ: तांबडी, हिरवी, तपकिरी. आणि त्यांच्या ग्रंथाला जोड म्हणून केलेल्या या पुस्तकात रंग एकच, निळा! जे शास्त्राला सर्वांत आधी हवे होते तेच उन्हाने पुसून टाकले. शास्त्राच्या तराजूत ब्रॅडबरीचे पारडे जड आहे, हे निर्विवाद.

परंतु याच उणिवेतून या ठशांचे सौंदर्य जन्माला आले आहे. रंग गेला, पृष्ठभाग गेला आणि उरली ती आकृती. शिवाय आकृतीची घनता. जिथे शैवाल जाड तिथे पांढरे शुभ्र, जिथे पातळ तिथे निळसर धूसर. म्हणजे वनस्पतीच्या अंगातून जेवढा प्रकाश आरपार गेला तेवढा कागदावर लिहिला गेला. ब्रॅडबरीच्या छापेत नेच्याची कातडी आहे. या सावलीत शैवालाचे अंतरंग आहे. भोवतालचा निळा कागदही इथे उरलेली जागा म्हणून राहत नाही. त्याच्यात ते शैवाल तरंगत असते. वाळून काचेखाली चेपलेली वनस्पती पुन्हा पाण्यात सोडल्यासारखी दिसते.

यावर एक आक्षेप येईल. निळा रंग हा रसायनाचा गुण. त्याचे श्रेय बाईला कसे? समुद्राच्या वनस्पतीला समुद्राचा रंग मिळाला हा योगायोग. योगायोगाला कला म्हणावे काय? आक्षेप बिनतोड वाटतो खरा. पण तोच निळा रंग पूल आणि इमारती यांच्या हजारो नकाशांवरही होता. त्यांच्यापुढे कोणी रसिक थबकल्याचे ऐकिवात नाही. तेव्हा रसायन सांगून प्रश्न सुटत नाही. निळ्यात काय ठेवले आणि कसे ठेवले, हे पाहावे लागते.

‘डिक्टिओटा डायकोटोमा’ या शैवालाचा ठसा घेऊ. या वनस्पतीची प्रत्येक फांदी दोहोंत दुभंगते, ती प्रत्येक पुन्हा दोहोंत. बाईने तिची कोवळी अवस्था आणि फळलेली अवस्था एकाच कागदावर आणल्या आहेत. खाली आपल्या हस्ताक्षरात नाव लिहिले आहे. तेही उन्हानेच उमटलेले, शैवालासारखेच पांढरे. मर्ढेकरांनी सौंदर्याची मीमांसा करताना संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची मांडणी केली, ती ज्यांना क्लिष्ट वाटते त्यांनी हा एक कागद पाहावा. दुभंगत जाणाऱ्या फांद्या एकमेकींचा सूर उचलतात, हा संवाद. कोवळे आणि पिकलेले शेजारी शेजारी, हा विरोध. आणि पांढऱ्या आकृती, निळी मोकळीक व हस्ताक्षराची बारीक ओळ यांनी एकमेकांना तोलून धरणे, हा समतोल. यातले एकही ऊन करीत नाही. शैवालही करीत नाही. चिमट्याने एक फांदी जराशी बाजूला सारणारा आणि बाकीच्यांना हात न लावणारा कोणीतरी लागतो.

हात न लावणारा, हे मी मुद्दाम म्हणतो. अडीचशे शिंपले रेखाटलेल्या हाताला एखादी तुटकी फांदी ब्रशाने जोडण्याचा मोह झाला नसेल काय? बाईने तो आवरला. ठशाच्या कलेतला कलावंत इथे भेटतो. तो निवडतो, मांडतो आणि मग वेळीच बाजूला होतो.

स्तुती करताना भान ठेवावयास हवे. सुमारे चारशे ठशांतले सगळेच या उंचीचे नाहीत. कित्येक कागदांवर वनस्पती नुसती नमुन्यादाखल मध्यभागी बसविलेली आहे, यादीतला पुढचा अनुक्रमांक म्हणून. १८५२ साली वडील वारल्यावर ॲनाची बालमैत्रीण ॲन डिक्सन तिच्या सोबतीला आली आणि दोघींनी मिळून नेचे व फुलझाडे यांचे ठसे केले. ते दिसायला अधिक देखणे आहेत. मला मात्र ते काहीसे नटवे वाटतात. शैवालांच्या कामात शास्त्राचे बंधन होते, त्यामुळे हात संकोचाने चाले आणि त्या संकोचात तेज होते. बंधन सुटल्यावर शोभा वाढली, पण तेज उणावले. ज्यांना पुढचे ठसे अधिक आवडतील त्यांच्याशी माझे भांडण नाही.

आता हे सगळे आपल्या अंगणात आणू. आपल्याकडे कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांचा वाद एके काळी घरोघर गाजला. त्या वादाची धग निवली. पण त्यातले एक वाक्य अजून जिवंत आहे. ‘हे सगळे खरे घडलेले आहे,’ असे सांगून लेखक आपल्या पुस्तकाची पाठराखण करतो आणि वाचकही तेवढ्यावर समाधान मानतो. खरे घडलेले असेल; शिशातला नेचाही खराच होता. परंतु जिवंत वस्तूचा ठसा दोन रीतींनी घेता येतो. एक दाब देऊन, एक प्रकाशात धरून. दाबाने घेतलेल्या ठशात काही सुटत नाही, पण त्या रुळांखालून गेलेले पान पुन्हा पान म्हणून उरत नाही. प्रकाशाने घेतलेल्या ठशात पुष्कळ सुटते आणि ऊन खाऊन झाल्यावर पान जसेच्या तसे उचलून घेता येते.

माझ्या एका कादंबरीत आमच्या आळीतल्या एका वृद्ध बाईंची सावली पडली होती. पुस्तक त्यांनी नातवाकडून वाचून घेतले. आळीत कुजबुज झाली. आता मास्तरांची धडगत नाही, असे लोक बोलू लागले. चार दिवसांनी बाईंनी मला हाक मारली आणि म्हणाल्या, “मास्तर, बाई माझ्याच वळणाची आहे हो. पण माझ्या घरातले चव्हाट्यावर नाही नेलेत. या, बसा ओट्यावर.” मला आजवर मिळालेल्या अभिप्रायांत याहून मोठा नाही. त्या ओट्यावर पुन्हा बसता येणे, ही माझ्या लेखी कादंबरीच्या खरेपणाइतकीच महत्त्वाची कसोटी आहे. ज्याचा ठसा घेतला त्याला मोडून घेतलेला ठसा कितीही अचूक असो, त्यात काहीतरी कमी पडते. कलेच्या दृष्टीनेही कमी पडते, असे मी म्हणतो; कारण ज्या हाताला पान मोडल्याचे काही वाटत नाही, त्या हाताला काय सोडून द्यावे हेही कळत नाही.

या दिवसांत आपल्या दारोदारी रांगोळीत लक्ष्मीची पावले उमटतात. नीट पाहिले तर तोही ठसाच आहे, आणि त्यात पाय नसतो. बोटे, टाच, एवढ्या खुणेवर घर समजून घेते की कोणीतरी आत आले. सगळे न दाखविता सगळे सांगण्याची ही रीत आपल्या बायकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तिच्यासाठी त्यांना कोणा समीक्षकाची वाट पाहावी लागली नाही.

ॲना ॲटकिन्सने आपल्या पुस्तकावर नावसुद्धा पुरते घातले नाही. प्रारंभीच्या मजकुराखाली नुसती ‘ए. ए.’ ही आद्याक्षरे. पुढे त्या शतकाच्या अखेरीस एका संग्राहकाने त्यांचा अर्थ ‘अनामिक हौशी’ असा लावला. त्याच्या भाषेत त्या दोन्ही शब्दांचे पहिले अक्षर तेच होते. बाई १८७१ साली वारली होती. खुलासा करायला कोणी नव्हते. तिचे नाव आणि काम नीट उजेडात यायला विसावे शतक बरेच सरावे लागले. तोवर ठसे मात्र तसेच निळे राहिले.

सुटीत घरी मुले पानांचे ठसे घेतील. त्यांनी कोणते पान वेचले, कागदावर ते कुठे ठेवले आणि कुठली जागा मोकळी सोडली, एवढे एकदा थांबून पाहावे. दहा ठशांत एखादा असा निघतो की पान तेच, शाई तीच आणि तरी तो कागद बाजूला ठेवावासा वाटतो. तो रद्दीत घालू नये.